पडद्याखाली दिसणारे पाय

मी तमिळनाडूतल्या कुंभकोणमात टिकले ती लेडीज गेटवरच्या अक्कामुळे. हे आधीच सांगून टाकते, कारण एकदा बोलायला लागले की मी नवऱ्याचं कौतुक करेन, शेजारणींचं करेन, आणि तिचं राहून जाईल. तिच्या बाबतीत हे फार वेळा झालंय. कुठलीही गोष्ट सुरू व्हायची तेव्हा ती जागेवर नसायची, आणि संपायच्या वेळी तिला उठून जावं लागायचं.

बाजारातून जरा आत एक सिनेमा थेटर होतं. बायकांसाठी बाजूच्या बोळातून वेगळं दार, दाराच्या आत चार हातांची चिंचोळी जागा, मग जाड हिरवा पडदा, आणि पडद्यापलीकडे अंधार. त्या दारावर अक्का. वय पन्नाशीच्या आसपास, सुती साडी, साडीवर पुरुषी खाकी शर्ट, शर्टाच्या खिशात शिट्टी, हातात तांबडा कपडा बांधलेली बॅटरी. लग्न केलेलं नव्हतं. गाव तिला 'गेट अक्का' म्हणायचं. घरात ती मराठी बोलायची, पण आपल्यासारखी नाही. पोथीतली माणसं उठून चालायला लागावीत तशी तिची भाषा. तिचे पूर्वज तंजावरच्या राजांच्या पदरी होते म्हणे. कोण होते विचारलं तर म्हणायची, "दार उघडणारे असतील. मीहि तेंच करतें."

आणि मी? माणदेशातली, सातवीत शाळा सुटलेली. पुढची शाळा दुसऱ्या गावाला होती आणि पाठची तीन भावंडं घरात होती, एवढंच कारण. आमच्याकडची माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पांगलेली असतात. आमचे हेही त्यातलेच. त्यांच्या चुलत मामांचं गलाईचं दुकान कुंभकोणमात सोनारांच्या गल्लीत होतं. लग्न झालं आणि महिन्याभरात मी आमच्या माणसांपासून लांब, मेलकावेरी भागातल्या एका खोलीत येऊन पडले. हे सकाळी आठला जायचे ते रात्री आठला यायचे. मधल्या बारा तासांत माझ्याशी बोलणारं कोणी नाही आणि कोणी बोललंच तर मला कळायचं नाही. मी स्टोव्ह विझलाय का ते तीनदा बघायची. कडी लावली का ते चारदा. जेवण जायचं नाही. ह्यांनी विचारलं, काय होतंय, तर "काय न्हाई" म्हणायची.

आषाढात एकदा हे जेवता जेवता म्हणाले, "मामा म्हणत्यात, करमत नसंल तर उगं कशापायी ठेवायची पोरगीला. संक्रांतीला कोणतरी गावाकडं जाईलच, त्याच्या संगतीनं धाडून देऊ."

ते रागानं बोलले नव्हते. पण आमच्याकडं परत आलेल्या मुलीला 'नांदली न्हाई' म्हणतात, आणि मग तिच्या पाठच्या बहिणींना स्थळं येईनाशी होतात. माझ्या पाठच्या दोन बहिणी होत्या. त्या दिवसापासून संक्रांत माझ्या छातीवर येऊन बसली.

अक्काची नि माझी गाठ पडली ती रॉकेलच्या डब्यामुळे. रेशनच्या दुकानाचा रस्ता मला ह्यांनी कागदावर काढून दिला होता. मी कुठंतरी चुकले. पुढं बघते तर एका बोळात बायकांची लांब रांग. हातात पिशव्या, काखेत पोरं. आपल्याकडं एवढ्या बायका भर उन्हात रांगेत उभ्या असल्या तर दुसरं काय असणार? मी रिकामा डबा घेऊन शेवटी उभी राहिले. रांग भराभर सरकली. दाराशी पोचले तर खाकी शर्टातली बाई माझ्या डब्याकडं बघून जी ओरडली, की मागची पोरं रडायला लागली. सिनेमा थेटरात रॉकेल! मी म्हणाले, "आई गं, मी काय केलंय आता?"

ती थांबली. बॅटरी माझ्या तोंडावर मारली. "अगो, मराठी काय तूं? कोठली?"

"माणदेशातली."

"तें कोठें आलें?"

"लांब."

"साताऱ्याकडे?"

"हां, तिकडंच."

"मग आपलीच की. डबा इकडे दे. आंत जाऊन बैस."

"मला रॉकेल पायजे ओ."

"रॉकेल उद्यां. भायेर ऊन किती आहे पाहा. जा म्हणतें ना!"

मी घाबरून आत जाऊन बसले. त्या काळी मला कोणी दरडावलं की मी तसंच करायची. पडद्यावर काय चाललंय एक अक्षर कळेना. अर्ध्या तासानं कोणीतरी अंधारात माझा दंड धरला. अक्का. तिनं मला हिरव्या पडद्यापाशी नेलं. तिथं तिचं स्टूल होतं आणि शेजारी एक पायरी. मला पायरीवर बसवलं, आपण स्टुलावर बसली आणि कानाशी येऊन म्हणाली, "आतां सांग. आरंभीं काय झालें?"

"मला भाषा येत नाही."

"भाषा कोण विचारतें तुला? काय दिसलें तें सांग."

मी आठवून आठवून सांगितलं. एक दार दिसलं. दाराबाहेर चपलांचे तीन जोड. आतून एक माणूस आला, घाईनं एक जोड पायात सरकवून गेला.

"कितवा जोड?"

"ते नाही बघितलं."

अक्कानं कपाळावर हात मारला. "अय्यो! तेंच सर्व आहे, आणि तेंच पाहिलें नाहीस?"

मग तिनं मला जे सांगितलं ते ऐकून मला माझं दुःख क्षणभर विसरायला झालं. थेटरातल्या बायका उशिरा येतात, पोरांना लघवीला नेतात, भांडतात, म्हणून सिनेमा सुरू झाल्यावर अर्धा तास तिला दार सोडता येत नाही. आणि सिनेमा संपायच्या आधी दहा मिनिटं तिला बाहेर जाऊन दोन्ही दारांचे अडसर काढावे लागतात, नाहीतर गर्दी एकमेकींच्या अंगावर पडते. म्हणजे बावीस वर्षांच्या नोकरीत तिनं शेकडो सिनेमे पाहिले होते, पण एकाचीही सुरुवात पाहिली नव्हती आणि एकाचाही शेवट पाहिला नव्हता.

"शेवटचें मला लागत नाही," ती म्हणाली. "भायेर पडणाऱ्या बायकांचीं तोंडें पाहिलीं की शेवट कळतो. आरंभ मात्र कोणी नीट सांगत नाहीं. सगळ्या नटीची साडी सांगतात. तूं बरी. तुला कांहीं कळत नाहीं, म्हणून तूं खरें सांगतेस."

माझ्या न कळण्याचा कोणाला उपयोग होऊ शकतो हे मी पहिल्यांदा ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी मी रॉकेलचा डबा आणायला गेले, आणि परत आत बसले.

त्या वर्षी थेटरात दुपारच्या खेळाला जुने सिनेमे लागायचे, आठवड्याला एक. त्यात एकाच दिग्दर्शकाचे बरेच होते. खुनाचे, संशयाचे. त्याचं नाव अक्कानं कधी घेतलं नाही. नवऱ्याचं घेत नाहीत तसं. 'तो' म्हणायची. "पुढल्या गुरुवारीं त्याचा आहे," म्हटलं की समजायचं. इतरांच्या सिनेमात गाणं लागलं की ती बाहेर जाऊन ताक प्यायची. त्याच्या सिनेमात एकच गाणं असायचं, तेही लहान, आणि तेवढ्या वेळात पडद्यावर काहीतरी बिनसायचं, म्हणून ताक तसंच राहायचं.

त्याच्या सगळ्या सिनेमांत काय सारखं असतं ते तिनं मला शिकवलं. शिकवलं म्हणजे बॅटरीचं टोक बरगडीत खुपसून. दाराबाहेरच्या चपला पहिली गोष्ट. घरात किती माणसं आहेत ते तो माणसं न दाखवता सांगायचा. मग झोपाळा. खून तो कधीच दाखवत नसे. वरून, फिरत्या पंख्याच्या पात्यांमधून खोली दाखवायची, आणि मग एकदम रिकामा झोपाळा, अजून हलणारा. बास. नाहीतर चुलीवरचं दूध. दूध वर येतंय, येतंय, कोणी बघत नाहीये, आणि उतू गेलं की समजायचं माणूस गेला. तिकडं पोंगलला, म्हणजे त्यांच्या संक्रांतीला, मुद्दाम दूध उतू घालवतात, शुभ म्हणून, बायका आनंदानं ओरडतात. ते दूध त्यानं असं करून ठेवलं होतं, की पडद्यावर पातेलं दिसलं तरी सगळ्या बायका तोंडाला पदर लावायच्या. "त्याच्या येथें दूध नेहमीं उतूं जातें," अक्का म्हणायची. "एकदांहि कोणी वेळेवर येत नाहीं."

आणि पडद्याखालचे पाय. हे तर प्रत्येक सिनेमात. खोलीत बाई एकटी असते, दाराला पडदा असतो, आणि पडद्याखाली दोन पायांची बोटं. तिला दिसत नाहीत, आपल्याला दिसतात. थेटरातल्या म्हाताऱ्या ओरडून तिला सांगायच्या, "अगं मागं बघ!" अक्का ओरडत नसे. ती पुटपुटायची, "ऐकूं नको. पाहा. पाहा गो."

तिच्या काही समजुती मात्र तिच्या स्टुलानं घडवल्या होत्या. एकदा म्हणाली, "त्याची माणसें सर्व उभट असतात. भयानें वाळलेलीं." मी म्हणाले, "अक्का, नाही ओ. समोरून चांगली जाडजूड दिसतात. तुम्ही अगदी कडेला बसता, म्हणून पडदा तिरका दिसतो." तिनं माझ्याकडं असं बघितलं जसं मी तिच्या माहेरच्या माणसाला नाव ठेवलं. "जाड? तो खुनी जाड आहे?" "पोट सुटलंय त्याचं." तिनं स्टूल जरा पुढं सरकवून पडद्याकडं पाहिलं. मग म्हणाली, "तुला समोरून बरोबर दिसत नसेल."

एकदा ती मला बसनं नाचियार्कोविलला घेऊन गेली. तिथं पितळेच्या समया ओततात, तिची चुलत बहीण तिथं राहायची. पहिलं तिनं काय केलं तर दाराशी थांबून चपला मोजल्या आणि मला म्हणाली, "आंत पांच जण. एक लंगडा. एक पाहुणा, भांडून आलेला." आत गेलो तर बहीण एकटी. शेजारच्यानं जुन्या चपला चांभाराला द्यायला तिच्या ओट्यावर ठेवल्या होत्या. अक्का जराही ओशाळली नाही. "त्याच्या सिनेमांत असतीं तर पांचच असतीं," म्हणाली. मग तिनं एक समई लावली, आरशासमोर मला उभं केलं आणि समई माझ्या हनुवटीखाली धरली. आरशात माझे डोळे खोल गेले, नाकाची सावली कपाळावर चढली.

"पाहिलेंस? उजेड खालून आला की तूंहि खुनी दिसतेस. त्याचा उजेड नेहमीं खालून असतो. म्हणून त्याच्या सिनेमांत निर्दोष माणूसच चोर दिसतें."

त्याच्या गोष्टीही तशाच असायच्या. आळ यायचा तो परगावाहून आलेल्यावर. भाडेकरू, नवीन सून, नोकर. घरचं मोठं माणूस कोणाच्या ध्यानीमनीही यायचं नाही, आणि करणारं तेच असायचं. आणि प्रत्येक सिनेमात एक फुटकळ माणूस असायचं, इस्त्रीवाला नाहीतर फुलवाली, जे त्या परक्यावर विश्वास ठेवायचं. कुठलाही पुरावा नसताना. गोष्ट पुढं गेली की त्या माणसाला कोणी विचारत नसे. शेवटी घरचे सगळे मिळून काढतात त्या फोटोतही ते नसायचं. अक्काला नटनट्यांपेक्षा हीच माणसं पाठ होती. इस्त्रीवाल्याचा हात कसा थांबला, फुलवालीनं माळ कुठं तोडली.

पाच-सहा महिन्यांत मी बदलले. बाजारात बायका बोलायच्या तेव्हा मी आधी हात बघायची, मग शब्द ओळखायची. तमिळ मला अशी मागच्या दारानं आली. स्टोव्ह एकदाच बघू लागले. पण घरी मात्र गप्पच. कारण मी दुपारी सिनेमाला जाते हे ह्यांना सांगायची माझी हिंमत नव्हती, आणि ते वगळलं तर माझ्याकडं सांगण्यासारखं काहीच नव्हतं. हे समजायचे, ही अजून झुरतेय.

मार्गशीर्षात व्हायचं ते झालं. एका दुपारी मी थेटरातून बाहेर पडले आणि समोर मामी. मामी म्हणजे ह्यांच्या त्या मामांची बायको, सोनारांच्या गल्लीतल्या आमच्या आठ-दहा घरांची सासू म्हणा. तिच्या हातात भाजीची पिशवी होती, आणि माझ्या चेहऱ्यावर, मला नंतर जाणवलं, हसू होतं.

"एकटीच?" मामी म्हणाली.

"हां."

"रोज येतीस?"

मला खोटं बोलता आलं नाही.

त्या रात्री ह्यांनी आवाज चढवला नाही. ते चढवते तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाले, "मामा बोलले. शुक्रवारी एक जण गावाकडं चाललाय. ट्रंक भरून ठेव." माझ्याबद्दल काय काय बोललं गेलं असेल ते मी विचारलं नाही, आणि मी अंधारात बसून काय करते हे त्यांनी मला विचारलं नाही.

गुरुवारी मी ट्रंक भरली. दोन लुगडी, आरसा, आईनं दिलेला तांब्या. दुपारी अक्काला सांगायला म्हणून गेले. ती दारावर गर्दीशी झगडत होती. मला बोलूच देईना. "आंत जा, आंत जा, आज त्याचा आहे! आरंभ नीट पाहा, हा मी कधींच कोणाकडून ऐकिला नाहीं!"

मी आत जाऊन बसले. सिनेमा सुरू झाला. मी पडद्याकडं बघत होते, पण डोळे भरून आलेले. उजेड हलतोय एवढंच दिसत होतं. अर्धा तास मी फक्त रडले. मग अक्काचा हात आला आणि मी पायरीवर जाऊन बसले.

"सांग."

काय सांगू? मी काहीच पाहिलं नव्हतं. आणि ही बाई माझ्यावर भरवसा ठेवून बसलेली. माझ्या तोंडातून निघालं, "एक खोली आहे."

"हूं."

"खोलीत पत्र्याची ट्रंक आहे. ट्रंकेवर एक बाई बसलीय."

"चपला?"

"दाराबाहेर एकच जोड. पुरुषाचा."

"आणि बाईचा?"

"बाईचा ट्रंकेत भरलाय. तिला दूर पाठवतायत. तिला जायचं नाही."

"मग तसें सांगत कां नाहीं?"

"तिला कोणी विचारलंच नाही. ती ह्या गावात आली तेव्हा तिला भीती वाटायची. आता नाही वाटत. आता तिला इथले रस्ते कळतात, बायकांचं बोलणं कळतं. रोज तिला काहीतरी सांगावंसं वाटतं घरात. पण सुरुवात कुठून करायची ते कळत नाही, म्हणून ती…"

आणि माझी नजर खाली गेली. हिरव्या पडद्याखाली दोन पाय होते. अनवाणी. डाव्या पायाच्या अंगठ्याचं नख अर्धं पिवळं, आणि त्याच्या शेजारची कातडी जुन्या कागदासारखी. सोनं गाळताना तेजाबाचा थेंब पडला की असं होतं. त्या पायाला मी स्वतः खोबरेल लावलं होतं.

सिनेमातल्या बाईला हे पाय कधीच दिसत नाहीत. मला दिसले होते. उठून पळावं असं वाटलं, पण अक्कानं माझा हात तिच्या मांडीवर दाबून धरला होता.

"आणि तो पुरुष?" तिनं विचारलं. "ज्याच्या चपला भायेर आहेत? खुनी तोच काय?"

मी पायांकडंच बघत होते. बोटं आत वळली होती, लहान पोरानं चुकल्यावर वळवावीत तशी.

"नाही," मी म्हणाले. "तो वाईट नाही. त्यालाही कोणी विचारलेलं नाही."

अक्कानं माझा हात सोडला. पडद्यावर कोणीतरी जिना चढत होतं. मी परत खाली पाहिलं तेव्हा पाय नव्हते.

घरी जाऊन मी ट्रंकेवरच बसून राहिले. मग वाटलं, नको, मीच सांगितलेल्या त्या बाईसारखं झालं की हे, आणि उठून भाकरी थापल्या. हे नेहमीच्या वेळी आले. हात धुतले. जेवायला बसले. अर्धी भाकरी झाली, आमटी झाली. मान वर न करता म्हणाले,

"मग? गेली का ती बाई?"

मी त्यांच्या ताटात आमटी वाढली.

"शेवट न्हाई बघितला अजून," मी म्हणाले.

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "मग उद्या बघून ये. आन् मला सांग."

शुक्रवारी गावाकडं गेलेल्या माणसाबरोबर तिळाचे लाडू गेले. मी गेले नाही. ट्रंक खाटेखाली ढकलली. मामांना ह्यांनी काय सांगितलं ते मला आजवर कळलेलं नाही, पण पुढं दोन महिने मामी माझ्याशी बोलत नव्हती, आणि रविवारी हे मला स्वतः थेटरापर्यंत सोडायला यायचे.

त्या गुरुवारचं मागाहून ह्यांनीच एकदा सांगितलं. मी परत थेटरात गेल्याचं कोणीतरी दुकानात सांगितलं, तेव्हा रागानं मला ओढून न्यायला म्हणून ते गेटवर आले होते. तमिळमध्ये तावातावानं बोलायला लागले. अक्कानं त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं, अंगठ्यापाशी बॅटरी थांबवली आणि मराठीत म्हणाली, "तो रॉकेलचा डबा जिचा, तिचा काय तूं? चपला भायेर काढ. आवाज करतात. येथें उभा राहा. दहा मिनिटें. मग ने तिला हवें तर." साऱ्या जगाला ती 'ऐकूं नको, पाहा' म्हणायची. ह्यांना म्हणाली, "पाहूं नको. ऐक."

म्हणजे पडद्यामागं हे उभे आहेत ते तिला माहीत होतं. तिनं मला कधी बोलून दाखवलं नाही. एकदाच, कितीतरी दिवसांनी, ताक पिता पिता म्हणाली, "पडद्याखालचे पाय नेहमीं खुन्याचेच असतात असें नाहीं. हें कोणी त्यालाहि सांगावयास हवें होतें."

पण माझी खोटी सुरुवात? ती तिला खोटी वाटली की खरी, हे मला अजून उमगलेलं नाही. तो आठवडाभर ती उशिरा येणाऱ्या प्रत्येक बाईला दारातच सांगत होती, "लवकर जा गो, ट्रंकेवरची बाई झाली!" ज्यांनी सुरुवात पाहिली होती त्या गोंधळून एकमेकींकडं बघायच्या. पण गेट अक्काला चूक म्हणायची छाती कोणाची? तिनं त्यावर मोठं शास्त्रच रचलं. "पाहा, ती ट्रंक त्यानें पुनः एकदांहि दाखविली नाहीं. दुसरा कोणी असता तर दाखविली असती. हीच त्याची करामत." मी मान हलवायची. खरी सुरुवात बघितली तर ती तिला सांगावी लागेल, म्हणून तो आठवडा मी मुद्दाम अर्धा तास उशिरा जात होते. सांगावं, सांगावं म्हणता आठवडा गेला, सिनेमा उतरला, वर्षं गेली.

ह्यांनी पुढं स्वतःचं दुकान काढलं, दुसऱ्या राज्यात, आणि आम्ही कुंभकोणम सोडलं. तोवर मला दोन मुलं झाली होती, आणि दोघांनाही तिनं पडद्याआड मांडीवर झोपवलं होतं. निघताना अक्का बसस्टँडवर आली, खाकी शर्टातच. दुपारचा खेळ सुटायला वेळ होता म्हणून. बस हलायच्या आधी दहा मिनिटं ती निघून गेली. तिला सवयच नव्हती शेवटपर्यंत थांबायची.

तिची कार्डं येतात. तिला आपली अक्षरं येत नाहीत, मला तिची लिहिता येत नाहीत, म्हणून ती चित्र काढते. दार, आणि दाराबाहेर चपला. एक जोड म्हणजे ती एकटी आणि बरी. दोन जोड म्हणजे चुलत बहीण राहायला आलीय. एकदा चपलांशेजारी काठी होती. त्या रात्री मी जेवले नाही. पुढच्या कार्डावर काठी भिंतीला टेकवलेली होती, तेव्हा जीव भांड्यात पडला. मीही चपलाच काढून पाठवते. चार जोड. दोन लहान, आता वाढत चाललेले.

गेल्या वर्षी एका दुपारी टीव्हीवर तो सिनेमा लागला. आधीच्या जाहिरातीत तो जिना दिसला, त्यावरून मी ओळखला. सुरुवातीपासून बघितला. आमचे हे दुकान बंद करून आले आणि शेजारी बसले.

ट्रंक नाहीच त्यात. पहिलंच चित्र, चूल. चुलीवर दूध. दूध वर येतंय. कोणी नाहीये. येतंय, येतंय, काठाशी आलं, आणि मी सवयीनं तोंडाला पदर लावला. तेवढ्यात एक हात आला, बाईचा, आणि त्यानं पातेलं उतरवलं. एक थेंब सांडला नाही. चेहरा दाखवला नाही. मग नावांच्या पाट्या सुरू झाल्या.

हे म्हणाले, "कुणाचा हात ग?"

मी तोंडावरचा पदर खाली घेतला.

सगळं आयुष्य अक्का सांगत आलीय की त्याच्या सिनेमात दूध नेहमी उतू जातं, एकदाही कोणी वेळेवर येत नाही. येतं. एकदा आलंय. ते तिला ठाऊक नाही, आणि ते तिला ठाऊक नाही ते माझ्यामुळं, कारण ज्या दिवशी मी बघून सांगायला हवं होतं त्या दिवशी मी माझंच रडगाणं सांगितलं.

टीव्हीवर ती बघायची नाही. "त्या डब्यांत तो मावणार नाहीं," म्हणते, असं तिकडून आलेल्या एकानं सांगितलं. थेटर अजून आहे, पोंगलला जुने सिनेमे लावतात, तीही अजून दारावर आहे. ह्यांच्याशी बोलून ठेवलंय. एखाद्या पोंगलला तो सिनेमा लागेल, नाही लागला तर आम्ही मॅनेजरच्या हातापाया पडू. अक्का, तुला खाकी शर्ट काढायला लावून, सगळ्यांच्या आधी, अगदी मधल्या खुर्चीवर नेऊन बसवीन. समोरून बघ, तो खुनी जाडच आहे. दूध बघ. शेवटही बघ, 'शुभम्' अक्षरं विझेपर्यंत उठू नकोस. उशिरा येणाऱ्या बायका, रडणारी पोरं, दोन्ही दारांचे अडसर, कशाचीही काळजी करू नकोस. त्या दिवशी गेटवर मी उभी राहीन.